दुपारी ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’ आणि डीटीसीची ७० टक्के मर्यादा: नेमकं अडतंय कुठे?

ओसरी

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातली प्लॉटची वसाहत आहे. १०० केव्हीएचा एक डीटीसी (वितरण रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर), त्यावरून विझल कंडक्टरची (ॲल्युमिनियम-पोलादाची बारीक तार) उघडी लघुदाब लाइन, आणि आमचं घर लाइनच्या शेवटच्या खांबावर, डीटीसीपासून साधारण २२० मीटर. घराच्या छतावर सौर पॅनेल आणि त्यांना ५ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर आहे. सकाळी सगळं सुरळीत चालतं. उत्पादन ४ किलोवॅटच्या आसपास गेलं की ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’ दाखवून बंद पडतो, थोड्या वेळाने चालू होतो, परत बंद. साडेअकरा ते अडीच हाच खेळ. बसवणारा म्हणतो, सेटिंगमध्ये वरची मर्यादा २७० व्होल्ट करून देतो. करावं का?

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. त्यांना नवीन ५ किलोवॅट बसवायचे आहेत. कार्यालयात तोंडी सांगितलं की या डीटीसीवर ६६ किलोवॅट सौर आधीच जोडलेत, डीटीसीच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे जागा नाही. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे का? आणि उपाय कुठून सुरू करायचा?

तारजोडणी

२७० अजिबात करू देऊ नका. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या जोडणी-मानकांनुसार व्होल्टेज ८० ते ११० टक्क्यांच्या बाहेर गेलं की इन्व्हर्टरने २ सेकंदांत सुटायचं असतं. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३. ती मर्यादा उचलली तर इन्व्हर्टर चालत राहील, पण तेच २६०-२६५ व्होल्ट तुमच्या आणि शेजारच्या फ्रिजला, एलईडीच्या ड्रायव्हरला, पंख्याच्या रेग्युलेटरला रोज तीन तास मिळतील. उपकरणं एकदम जळत नाहीत, हळूहळू मरतात, आणि मग कुणी इन्व्हर्टरला दोष देत नाही.

व्होल्टेज चढतं का, ते आधी बघू. वीज नेहमी जास्त व्होल्टेजकडून कमीकडे ढकलावी लागते. घरातून डीटीसीकडे पाठवायची तर तारेत जेवढे व्होल्ट पडतात तेवढं इन्व्हर्टरला लाइनच्या वर चढावं लागतं. सिंगल फेजला प्रवाह फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परततो, म्हणून लांबी दुप्पट धरायची: २ × लांबी × दर किलोमीटरचा रोध × अँपिअर.

आता मूळ पातळी. आपले डीटीसी ११ किलोव्होल्ट ते ४३३ व्होल्ट असे असतात. ४३३ ला १.७३२ ने भागा, फेज-न्यूट्रल २५० येतात. म्हणजे वरून पूर्ण ११ किलोव्होल्ट मिळाले आणि खाली भार नसला तर डीटीसीच्या पायथ्याशीच २५० व्होल्ट असतात. हे गणित शेवटच्या घराला संध्याकाळी पुरेसे व्होल्ट मिळावेत म्हणून मांडलेलं आहे. त्या वेळी वीज उलटी येईल हा विचारच नव्हता.

तर सेटिंगला हात लावण्याआधी मोजा. साधा खात्रीचा मल्टिमीटर, कडक उन्हाचा दिवस, साडेबारा-एकची वेळ. एकाच प्रकारची मापं दोन ठिकाणी घ्यायची, इन्व्हर्टरच्या एसी टर्मिनलवर आणि मीटरजवळ. आधी इन्व्हर्टर चालू असताना, मग लगेच बंद करून. मीटरच्या सील केलेल्या भागाला हात नाही लावायचा, मीटरनंतरच्या तुमच्या मेन स्विचवर मोजा, आणि सवय नसेल तर परवानाधारक वायरमनकडून. शिवाय संध्याकाळी साडेसातला एकदा.

इन्व्हर्टर आणि मीटर यांच्यातला फरक हा तुमच्या स्वतःच्या वायरचा. मीटरवरचा ‘चालू’ उणे ‘बंद’ हा सर्व्हिस वायर (खांबापासून मीटरपर्यंतची) आणि खांबावरच्या लाइनचा. आणि बंद असतानाचा आकडाच २४५-२५० असेल तर डीटीसीचा टॅप (व्होल्टेज पायरीने वर-खाली करायची सोय) किंवा बाकीच्या छतांचा एकत्रित परिणाम.

एक धोक्याची खूण आधीच सांगतो. त्याच खांबावरून वेगवेगळ्या फेजवर जोडलेल्या घरांत एकाच वेळी एकीकडे २६५ आणि दुसरीकडे १९५ असं दिसलं, तर सौरचा विषय तिथेच सोडा. न्यूट्रल सैल आहे किंवा तुटलाय. ॲल्युमिनियम-तांब्याच्या जोडावर काळं पडलेलं सापडेल. त्याच मिनिटाला तक्रार नोंदवा.

निवृत्त उपअभियंता

व्होल्टेजचं तारजोडणी यांनी नीट सांगितलंय. मी शेजाऱ्यांच्या अर्जाबद्दल लिहितो.

७० टक्के हा आकडा महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या छतावरील नवीकरणीय ऊर्जा विनियमांतला आहे. त्याआधीच्या २०१५ च्या विनियमांत तो ४० टक्के होता. १०० केव्हीएला ७०, ६३ केव्हीएला साधारण ४४, २०० केव्हीएला १४० किलोवॅट असा हिशेब होतो. पण त्याच तरतुदीत पुढे असंही आहे की तपशीलवार लोड स्टडी करून वितरण परवानाधारक (वीज कंपनी) याहून जास्त क्षमतेला परवानगी देऊ शकतो. लोक पहिलं वाक्य वाचून परत फिरतात.

दुसरं, केंद्राचे वीज (ग्राहक हक्क) नियम २०२० आणि त्यांची फेब्रुवारी २०२४ ची दुरुस्ती. १० किलोवॅटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक व्यवहार्यता तपासणीशिवाय मंजूर धरायचा आहे. मंजूर भार वाढवावा लागला तर तो वितरण कंपनीने वाढवायचा. ५ किलोवॅटपर्यंतच्या संयंत्रासाठी यंत्रणा मजबूत करावी लागली तर तो खर्च कंपनीचा. १० किलोवॅटच्या वर व्यवहार्यता तपासणीला १५ दिवस, त्यात उत्तर नाही आलं तर प्रस्ताव मान्य समजला जातो. म्हणून तोंडी ‘जागा नाही’ वर थांबू नका. अर्ज पोर्टलवर भरा आणि नकार असेल तर कारणासह लेखी घ्या.

लेखी पत्रात चार गोष्टी मागा: डीटीसी क्रमांक, त्याची रेटेड क्षमता, आजवर प्रत्यक्ष चालू झालेल्या संयंत्रांची बेरीज, आणि मंजूर होऊन न बसलेल्या अर्जांची वेगळी बेरीज. शेवटची दोन वेगळी मागण्याला कारण आहे. मंजुरी घेऊन न बसवलेले किलोवॅट यादीत जागा अडवून बसतात. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे ग्राहकांची नोंद चुकीच्या डीटीसीवर असणं. वसाहतीसाठी नवीन डीटीसी उभा राहतो, सर्व्हिसा तिकडे हलवल्या जातात, संगणकात मात्र जुनाच क्रमांक राहतो. वीजबिलावरचा डीटीसी क्रमांक आणि डीटीसीच्या स्ट्रक्चरवर रंगवलेला क्रमांक जुळतो का, एवढं चालत जाऊन बघा. डीटीसीनिहाय शिल्लक क्षमता संकेतस्थळावर प्रसिद्ध करणं हेही परवानाधारकाचं काम आहे, त्याचा दाखला पत्रात द्या.

शेजाऱ्यांना आणखी एक सुचवतो. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात, कमाल ७८,०००. म्हणजे ३ किलोवॅटला जेवढं अनुदान तेवढंच ५ ला. महिन्याचा वापर ३०० युनिटच्या आसपास असेल तर ३ किलोवॅट पुरतात, आणि ६६ अधिक ३ म्हणजे ६९, वादाचा प्रश्नच उरत नाही. वापर खरोखर जास्त असेल तरच ५ साठी भांडावं.

आता मला खरं महत्त्वाचं वाटतं ते. ही ७० टक्क्यांची बेरीज तिन्ही फेज (आर, वाय, बी) एकत्र धरून होते. १०० केव्हीएच्या डीटीसीला प्रत्येक फेजवर साधारण १३३ अँपिअर. ६६ पैकी ४० किलोवॅट सिंगल फेज इन्व्हर्टर एकाच आर फेजवर असले आणि दुपारी घरात कुणी वीज वापरत नसलं, तर त्या फेजवर १६५ च्या पुढे अँपिअर उलटे येतील. कागदावर डीटीसी ६६ टक्के, प्रत्यक्षात एक फेज ओव्हरलोड. डीटीसीच्या डिस्ट्रिब्युशन बॉक्समधला त्याच फेजचा फ्यूज दुपारी वारंवार जात असेल तर हेच कारण समजा. लाइनमनकडून बॉक्सवर तिन्ही फेज आणि न्यूट्रलचे अँपिअर मोजून घ्या.

ओसरी

दोघांचेही आभार. मापं घेतली. आकाश स्वच्छ, वेळ पाऊण.

इन्व्हर्टर बंद असताना मीटरजवळ २३९. चालू केल्यावर ४ किलोवॅटला मीटरजवळ २४९, इन्व्हर्टरवर २५३, आणि बंद. संध्याकाळी साडेसातला मीटरजवळ २२१. इन्व्हर्टर ते मीटर वायर ४ चौरस मिलिमीटर तांब्याची, २८ मीटर. खांब ते मीटर सर्व्हिस वायर ६ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियम, २५ मीटर.

लाइनमनने बॉक्सवर टाँग टेस्टर (तार न तोडता अँपिअर मोजणारा चिमटा) लावला. आर ९६, वाय ३१, बी १८, न्यूट्रल ७० च्या आसपास. आमचं घर आर वर आहे. टॅप खाली घ्यायला सांगू का?

तारजोडणी

फार उपयोगी आकडे दिलेत. पूर्ण ५ किलोवॅटला २५० व्होल्टवर २० अँपिअर धरून हिशेब मांडतो.

४ चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध दर किलोमीटर ४.६१ ओहम. २ × ०.०२८ × ४.६१ × २० = ५.२ व्होल्ट. ६ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमचाही रोध तेवढाच, ४.६१. सर्व्हिसमध्ये ४.६ व्होल्ट. विझलचा साधारण ०.९१, २२० मीटरला ८ व्होल्ट. एकूण १७.८. तुमचा पाया २३९, त्यात १७.८ मिळवले की २५६.८, म्हणजे २५३ च्या पार. २३९ ते २५३ ही १४ व्होल्टची जागा ४ किलोवॅटलाच संपते, आणि तिथेच तुमचा इन्व्हर्टर सुटतो. तो सुटला की व्होल्टेज परत २३९ वर येतं, ठरलेला वेळ थांबून तो चढतो, पुन्हा सुटतो. इन्व्हर्टरमध्ये बिघाड नाही.

टॅपला हात लावू नका. एक पायरी २.५ टक्क्यांची. संध्याकाळचे २२१ खाली येऊन २१५.५ होतील. लघुदाबाला अधिक-उणे ६ टक्के, म्हणजे २१६ ते २४४ व्होल्ट द्यायचे असतात. दुपार सावरायला जाल आणि संध्याकाळी शेवटच्या घरांचे पंप गुरगुरायला लागतील. शिवाय हा टॅप ऑफ-सर्किट असतो, डीटीसी बंद करूनच फिरवावा लागतो. रोज दुपारी-संध्याकाळी बदलायची ती गोष्ट नव्हे. लहान डीटीसीला तर बऱ्याचदा टॅप नसतोच.

उपाय वायरपासून. इन्व्हर्टर ते मीटर १० चौरस मिलिमीटर तांबं टाका, १.८३ ओहम, ५.२ चे २ व्होल्ट होतात. सर्व्हिस १६ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियम, १.९१ ओहम, ४.६ चे १.९. दोन्ही मिळून ५.८ व्होल्ट वाचले, इन्व्हर्टरवर २५१. बसलं, पण अंगाला लागून बसलं. रविवारी, किंवा वसाहत गावाला गेलेली असताना, पाया २४२ झाला की पुन्हा सुटेल. इन्व्हर्टरच्या टर्मिनलला मोठी वायर घुसत नाही म्हणून काही जण तारांचे पदर कापून बसवतात. तसं करू नका. जवळ एसीडीबीमध्ये (एसी बाजूच्या स्विचच्या पेटीत) योग्य लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) लावून उतरवा आणि तिथून इन्व्हर्टरपर्यंतचा अर्धा मीटरच बारीक ठेवा.

थ्री फेज जोडणी शक्य असेल तर तिच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. तेच ५ किलोवॅट तीन फेजांत ६.७ अँपिअर होतात, समतोल असल्यामुळे न्यूट्रलमध्ये काही परतत नाही. आहेत त्याच वायरवर १७.८ ऐवजी ३ व्होल्ट, म्हणजे सहावा हिस्सा. खर्च इन्व्हर्टर बदलण्याचा आणि थ्री फेजच्या जास्त स्थिर आकाराचा. मात्र नवीन बसवणाऱ्या शेजाऱ्यांनी लाइनच्या टोकाला ५ किलोवॅट सिंगल फेज घेऊच नये.

निवृत्त उपअभियंता

अँपिअरवरून माझी शंका खरी ठरते. आर ९६, बी १८, न्यूट्रल सत्तरीत. हा असमतोल वसाहतीचा आहे, एकट्या ओसरींचा नाही. एक खबरदारी: साध्या टाँग टेस्टरला दिशा कळत नाही. आर वरचे दोन-तीन इन्व्हर्टर बंद केल्यावर ९६ कमी झाले तर वीज उलटी येत होती, वाढले तर तो भार होता.

आर वरच्या सिंगल फेज सौर ग्राहकांपैकी १० ते १२ किलोवॅट बी वर हलवायला सांगा. खांबावर सर्व्हिस वायरचा जोड एका फेजवरून दुसऱ्यावर घ्यायचा, एवढंच काम. लाइन बंद करून, परमिट घेऊन, लाइनमननेच. आणि त्या वेळी वसाहतीतले बॅटरीवाले इन्व्हर्टर व जनरेटर वेगळे झालेत का ते पाहूनच. हलवायचे ग्राहक लाइनच्या टोकाचे निवडा. डीटीसीजवळचे हलवले तर बॉक्सवरचे अँपिअर सुंदर दिसतील पण टोकाचं व्होल्टेज फारसं हलणार नाही. ज्याच्याकडे थ्री फेज मोटर आहे त्याच्या सर्व्हिसला हात लावू नये, फेजचा क्रम बदलला तर मोटर उलटी फिरेल.

तक्रार अर्जात मर्यादा म्हणून २५३ लिहू नका, २४४ लिहा. पुरवठ्याचं बंधन २४४ चं आहे आणि मीटरजवळ २४९ मोजलेत. तारीख, वेळ, इन्व्हर्टर चालू आणि बंद असतानाचे आकडे, ॲपमधला दिवसभराचा व्होल्टेजचा आलेख जोडा. इथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर मुंबई किंवा नागपूरचे विद्युत लोकपाल. मात्र स्वतःची ४ चौरस मिलिमीटरची वायर आधी बदला. तपासणीत पहिलं बोट तिच्यावरच ठेवलं जाईल, आणि ते रास्त असेल.

ॲडलेडकर

इथे दक्षिण ऑस्ट्रेलियात दर थोड्या घरांमागे एक सौर छत असल्यामुळे हेच दुखणं मोठ्या प्रमाणावर आलं. कारणही ओळखीचं: अधिकृत व्होल्टेज २००० मध्ये २४० वरून २३० केलं, पण बरेच ट्रान्सफॉर्मर जुन्याच पातळीवर राहिले.

इथल्या मानकाप्रमाणे इन्व्हर्टर थेट सुटत नाही. २५३ व्होल्टपासून तो उत्पादन हळूहळू उतरवतो आणि २६० ला २० टक्क्यांवर आणतो. त्याआधी २४० पासून रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज हलवणारी वीज) शोषायला लागतो. निर्यातीलाही आता ठरावीक मर्यादेऐवजी बदलती मर्यादा मिळते: लाइन मोकळी असेल तेव्हा प्रत्येक फेजला १० किलोवॅटपर्यंत, अडचणीच्या वेळी १.५ पर्यंत खाली. इन्व्हर्टरला इंटरनेटवरून ती मर्यादा कळते, संपर्क तुटला तर तो आपोआप १.५ वर येतो. यामुळे टोकाच्या घराला ‘जागा नाही’ असं सांगावं लागत नाही. वर्षातले थोडे तास कमी निर्यात होते, बाकी वर्ष पूर्ण. आपल्याकडे ७० टक्क्यांच्या कायमच्या कुलपापेक्षा ही पद्धत न्याय्य वाटते.

इन्व्हर्टरच्या मेनूत पॉवर फॅक्टर ०.९ करण्याचा, म्हणजे अशीच रिॲक्टिव्ह पॉवर शोषायला लावण्याचा पर्याय असेल, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. उघड्या विझल लाइनवर त्याने चढ पाचवा-सहावा हिस्सा कमी होईल. एबी केबलवर (इन्सुलेशनच्या, एकत्र पिळलेल्या तारा) रिॲक्टन्स (एसी प्रवाहाला रोधाव्यतिरिक्त होणारा अडथळा) फारच कमी असतो, तिथे पाच-सहा टक्केच. लाइन एबी केबलची झाली तर हा उपाय जवळपास संपतो.

छतावरचं ऊन

ओसरी, काम होईपर्यंत दुपार वाया घालवू नका. निर्यात मर्यादा लावा. इन्व्हर्टरसोबत येणारा स्मार्ट मीटर किंवा सीटी (तारेभोवती बसणारा, प्रवाह मोजणारा सेन्सर) मेन स्विचजवळ बसवून निर्यात साडेतीन किलोवॅटवर अडवा. ३.५ ला सलग चालणारा इन्व्हर्टर हा ५ ला चढून सतत सुटणाऱ्यापेक्षा दिवसाअखेर जास्त युनिट देतो.

बसवताना तीनच ठिकाणी चुकतं. सीटीवरचा बाण उलटा लागला की इन्व्हर्टर आयातीला निर्यात समजतो, आणि घरात भार वाढला की उत्पादन कमी करतो. गिझर लावून लगेच तपासता येतं. आरएस-४८५ च्या (मीटर आणि इन्व्हर्टरमधल्या संपर्काच्या) दोन तारा उलट्या लागल्या तर मीटर दिसतच नाही. आणि मीटरशी संपर्क तुटल्यावर इन्व्हर्टरने काय करायचं ही सेटिंग: ‘उत्पादन थांबव’ किंवा ‘मर्यादेवर राहा’ असावी. काहींत मूळ सेटिंग ‘पूर्ण उत्पादन’ अशी असते. एकदा ती तार काढून बघाच.

दुपारी २ किलोवॅटचा गिझर चालवला तर ८ अँपिअर घरातच जिरतात. तारजोडणी यांच्या आकड्यांनुसार सर्व्हिस आणि लाइनमधला चढ प्रत्येक अँपिअरला ०.६३ व्होल्ट, म्हणजे ५ व्होल्ट खाली. पाण्याची मोटर, गिझर, कपड्यांचं यंत्र साडेअकरा ते अडीचमध्ये टायमरवर टाका.

शेजाऱ्यांसाठी: कुणी पूर्ण झिरो एक्स्पोर्टचा, म्हणजे लाइनवर काहीच न पाठवण्याचा सल्ला देईल. नेट मीटरिंगशिवाय (पाठवलेली वीज बिलातून वजा होण्याच्या सोयीशिवाय), वितरण कंपनीला पूर्वसूचना देऊन मीटरमागे संयंत्र चालवण्याची वाट २०१९ च्या विनियमांत आहे. पण सूर्यघरचं अनुदान नेट मीटर बसून तपासणी पूर्ण झाल्यावरच येतं, आणि दुपारी घर रिकामं असेल तर निम्म्याहून जास्त वीज फुकट जाईल. दुपारी भार असणाऱ्या गिरणीला, दवाखान्याला ते परवडतं. घराला ३ किलोवॅट नेट मीटरसह घेणं बरं, तेही अर्जातच ‘बी फेजवर जोडावे’ अशी विनंती लिहून.